शाळा, डबा आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी (सांगली)

कूटबंदी
नमस्कार. लेक यंदा जूनमध्ये पहिलीत जाईल. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि आम्ही सांगलीत राहतो. अडचण काय आहे, हे इकडच्या लोकांना एवढ्यावरच कळलं असेल.

बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याकडे कूट कशात घालत नाहीत ते मोजणं सोपं. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मेथीच्या भाजीत कूट, आमटी पातळ झाली की लाव कूट. भाकरीबरोबर चटणी दाण्याची. संध्याकाळी भूक लागली की भडंग. संक्रांतीच्या तिळगुळात दाणे, गुळाच्या पोळीत दाणे. घरी घाण्याचं तेल असेल तर फोडणीसुद्धा दाण्याचीच.

लहान असताना नणंदेकडे भडंगातले चार दाणे तिने तोंडात टाकले. ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, मग उलट्या आणि खोकला. तसंच उचलून मिरजेला नेलं. मांडीत इंजेक्शन दिल्यावर निवळलं. पुढे स्किन प्रिक टेस्ट झाली, रक्ताची तपासणी झाली, निदान पक्कं झालं. त्या दिवसापासून घरात दाणे बंद. सासूबाई आता तीळ आणि सुकं खोबरं भाजून कूट करतात, आणि खरं सांगायचं तर वांग्याला ते जास्त बरं लागतं.

बालवाडी गल्लीतच होती, बाई ओळखीच्या, काही प्रश्न आला नाही. आता मोठी शाळा, भरलेला वर्ग. मुख्याध्यापिका बाईंना भेटले. बोलल्या चांगल्या, पण "इंजेक्शन वगैरे आम्ही देणार नाही, काही झालं तर लगेच तुम्हाला फोन करू" यावर ठाम आहेत. नवरा कुपवाडला एमआयडीसीत, मी मार्केट यार्डाजवळ बँकेत. फोन आल्यापासून आम्ही पोचेपर्यंत तिचं काय?

कुणी हे जमवलंय का? वर्गात दाणेच आणू नका असं सगळ्यांना सांगायला लावावं, असं माझ्या मनात आहे. जास्त होतंय का?

घाटावरचा_पाहुणा
राग मानू नका ताई, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खिसाभर दाणे घेऊन शाळेत जायचो. थोडं थोडं खायला घालून सवय करा, अंग धरेल. परवाच वाचलं, परदेशात बाळांना मुद्दाम दाणे खाऊ घालतात म्हणे, त्याने अ‍ॅलर्जी होत नाही.

निशिगंधा_सातारा
पाहुणे, तुमच्या वेळी होतं, फक्त "पोराला सोसलं नाही" एवढंच म्हणायचे.

कूटबंदी, माझ्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, आणि आम्ही कंदी पेढ्यांच्या गावात राहतो! तो आता चौथीत आहे. आधी एक गैरसमज काढून टाका, कारण शाळेत तो हमखास येणार. दूध प्यायल्यावर पोटात गुबारा धरणं वेगळं आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. पहिल्यात दुधातली साखर पचत नाही, त्रास होतो पण जिवावर बेतत नाही. दुसऱ्यात शरीर दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडतं, तिथे अर्धा पेढाही पुरतो. आमच्या पहिल्या वर्गशिक्षिकेला हा फरक कळायला दिवाळी उजाडली. त्यांच्या भावालाही "दूध चालत नाही" आणि तो दही मजेत खातो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते सांगते. डब्याचा त्रास कमी असतो, कारण डबा आपण भरतो. खरा घोळ आगंतुक खाण्याचा. वाढदिवसाची चॉकलेटं, १५ ऑगस्टची जिलेबी, स्नेहसंमेलनाच्या तालमीला कुणाच्या तरी आईने आणलेले लाडू, आणि घरी जाताना रिक्षाकाकांनी लाडाने दिलेली गोळी. मी वर्गाच्या कपाटात त्याच्या नावाचा एक डबा ठेवलाय, त्यात त्याला चालणारा खाऊ. कुणाचा वाढदिवस असला की बाई त्याला त्यातून काढून देतात. पोरगं "मला नाही" म्हणून कोपऱ्यात बसत नाही.

आणि त्याला एक वाक्य पाठ करून घेतलंय: "आईने भरलेलंच खातो." यात काय काय आहे हे विचारायला शिकवलं होतं आधी, पण समोरचा मोठा माणूस बिनधास्त "काही नाही रे त्यात" म्हणतो. विचारण्यापेक्षा नाही म्हणणं सोपं पडतं.

उपवासवाली
सहानुभूती आहे, पण बंदीला माझा विरोध. माझी मुलगी सोमवारी खिचडी नेते. बऱ्याच घरांतून सकाळी पोळी आणि चटणी एवढाच डबा येतो, भाजीला वेळही नसतो आणि कधी पैसाही. त्यांनी काय द्यायचं? एका मुलीसाठी सगळ्या वर्गाचं ताट बदलायचं हे पटत नाही. फार तर ज्याचं त्याने सांभाळावं.

कूटबंदी
"ज्याचं त्याने सांभाळावं" हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगू? तिच्या शेजारणीने प्रेमाने घास भरवला तर?

कडू_औषध
बालरोगतज्ज्ञ आहे, नाव-गाव राहू दे. जरा लांबण लागेल.

पाहुण्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा. २०१५ साली इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, म्हणजे ज्यांना बराच इसब आहे किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला, तर पाच वर्षांपर्यंत त्यांच्यात दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. पण हे अ‍ॅलर्जी *होण्याआधीचं* आहे. एकदा झाल्यावर घरच्या घरी "सवय लावायला" दाणे देणं म्हणजे मुलाला आयसीयूच्या दारात उभं करणं. हळूहळू मात्रा वाढवण्याचे उपचार आहेत, ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतात.

आता शाळा. फोनवर विसंबू नका. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे सगळ्या अंगाला घेरणाऱ्या तीव्र रिअॅक्शनमध्ये, कधीकधी काही मिनिटांत श्वास अडतो किंवा रक्तदाब कोसळतो. त्यावर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. घाई असेल तर कपड्यावरून दिलं तरी चालतं. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप खाज आणि पित्त कमी करतं, श्वास उघडत नाही. शाळेत नेमकं उलटं होतं: आधी गोळी देऊन "बघूया" म्हणतात आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. स्टिरॉइडचंही तेच, ते सावकाश काम करतं.

परदेशात पेनासारखं ऑटो-इंजेक्टर मिळतं, टोपण काढायचं आणि मांडीवर दाबायचं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, मागवलं तर महाग. अ‍ॅड्रेनालिनची साधी अँप्युल, म्हणजे फोडायची काचेची कुपी, मात्र स्वस्त असते. डोस वजनावर असतो, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२. आपली नेहमीची अँप्युल १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची, त्यामुळे तेवढेच ०.२ मिलिलिटर होतात. हा हिशेब शाळेला करायला लावू नका. तुमच्या डॉक्टरांकडून मुलीच्या वजनानुसार मात्रा लिहून घ्या आणि १ मिलिलिटरच्या सिरिंजवर पक्क्या शाईने रेघ मारून द्या. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिची सुई स्नायूपर्यंत जात नाही आणि तिच्यावरचे आकडे वेगळे असतात.

अँप्युल फोडणं बाईंना जमणार नाही वाटत असेल, तर काही डॉक्टर सिरिंज भरून देतात. ती फार दिवस टिकत नाही, डॉक्टर देतील त्या तारखेला बदलायची. औषध उजेडापासून दूर, २५ अंशांच्या आत ठेवायचं. सांगलीच्या एप्रिलमध्ये दप्तरात किंवा रिक्षाच्या डिकीत त्याचं काही खरं नाही. शाळेत थंड जागी, पण कुलपात नको! किल्ली ज्यांच्याकडे ते नेमके त्या दिवशी रजेवर असतात.

मूल आडवं निजवा, पाय वर. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवा. उभं करू नका, चालवत ऑफिसपर्यंत नेऊ नका. १०८ला फोन करा, आणि आराम पडला नाही तर साधारण पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरा डोस. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

वखारभाग_आजी
आमच्याकडे पित्त उठलं की आमसूल भिजवून ते पाणी अंगाला लावायचं आणि थोडं प्यायला द्यायचं. नातवाला त्यानेच उतरतं. सगळ्याला इंजेक्शन कशाला ते?

कडू_औषध
आजी, नुसतं अंगावर पित्त असेल तर आमसूल लावा, माझीही आई लावायची. पण आवाज बसला, घरघर किंवा खोकला सुरू झाला, सारख्या उलट्या होतायत, पोरगं निस्तेज झालं, ओठ-जीभ सुजली, यातलं काही दिसलं तर आमसूल बाजूला. आणि एक, दर वेळी पित्त उठतंच असं नाही. अंगावर एक चट्टा नसतानाही श्वास अडू शकतो.

गुरुजी_जावळी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, साताऱ्याच्या डोंगराळ भागात. शहरातले प्रश्न वेगळे, आमचे वेगळे. आमच्याकडे डबा नसतोच, शाळेतच शिजतं. मध्यान्ह भोजन योजनेचं २०२१ मध्ये पीएम पोषण झालं, पहिली ते आठवीची मुलं त्यात येतात. खिचडी, पुलाव, उसळ असं आलटून पालटून. सोयाबीनचा पुलावही असतो. पूरक आहारात कधी केळं, कधी चिक्की.

रोज शिजलेलं अन्न वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं असतं. मीठ-तिखट आणि शिजलंय का, एवढंच आम्ही बघतो. एका मुलाला अंड्याने त्रास होतो हे कळल्यापासून मी त्याच वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्याचं नाव लाल शाईने लिहून ठेवलंय. नवीन कागद काढला असता तर हरवला असता. वही रोज उघडावीच लागते. मुख्य म्हणजे स्वयंपाकाच्या ताईंना सांगितलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "गुरुजी, एवढंच व्हय? डाव येगळा ठेवते की." अंडा पुलावाच्या दिवशी त्याचा भात आधी काढून ठेवतात, वेगळ्या डावाने.

आता शिक्षकांची बाजू सांगतो, नाहीतर आम्हीच खलनायक ठरू. सुई टोचायची भीती वाटते, आणि त्याहून जास्त भीती "काही झालं तर गाव माझ्या दारात येईल" याची. पालकांचं लेखी संमतीपत्र, डॉक्टरांच्या सहीचा कागद, आणि मुख्याध्यापकांची त्यावर नोंद, हे तीन असेल तर माणूस हिंमत करतो. तोंडी सांगितलेलं काही कामाचं नाही.

आणखी एक, हे शहरवाल्यांच्या लक्षात येत नाही. गावात लसीकरणाच्या दिवशी सिस्टर येतात, त्यांच्या किटमध्ये हेच अ‍ॅड्रेनालिन असतं, लसीनंतर अशी रिअ‍ॅक्शन आली तर द्यायला. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरशी मी बोलून ठेवलंय. शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे ते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं मी होऊन सांगतो, नाहीतर दात आणि डोळे बघून गाडी पुढच्या शाळेला.

कूटबंदी
गुरुजी, चव नोंदवहीची कल्पना भारी आहे. उपकेंद्राचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

मूळची_मिरजेची
मी आता इंग्लंडमध्ये असते. इथे ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना कुणा एका मुलाच्या नावाची चिठ्ठी नसतानाही जादाचे ऑटो-इंजेक्टर विकत घेऊन ठेवता येतात. आणि बंदीबद्दल म्हणाल तर, २०२१ मध्ये शाळांसाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी भर दिला तो शिक्षकांना शिकवण्यावर आणि शाळेत अ‍ॅड्रेनालिन ठेवण्यावर. सगळ्या शाळेत एखादा पदार्थच बंद करा, असं त्यांनी सुचवलं नाही. बंदीमुळे रिअ‍ॅक्शन कमी होतात याला पुरेसा आधार सापडला नाही. उलट बंदी आहे म्हटल्यावर सगळे गाफील होतात. आपल्याकडे तर फाटकावर पाटी लावली तरी आमटीत कूट येणारच.

कूटबंदी, तुझं नावच बदल आता. :)

उपवासवाली
हेच म्हणत होते मी.

निशिगंधा_सातारा
बंदी नको हे ठीक, पण म्हणून शेजारीपाजारी काहीच करायचं नाही असं नाही हं. आमच्या वर्गात एवढंच ठरलंय: डबे वाटून खायचे नाहीत, आणि जेवणाआधी-नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. हात धुण्यावर मी अडून बसले कारण शाळा सॅनिटायझरची बाटली दाखवत होती.

कडू_औषध
बरोबर अडलात. सॅनिटायझरने जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. साबण-पाणी किंवा ओला वाइप लागतो. बाकही पुसून घ्यावा. नुसत्या वासाला मात्र घाबरू नका. शेजारणीच्या डब्यातल्या चटणीच्या वासाने सहसा काही होत नाही, पोटात जाण्याने होतं. तेलाचं विचारलं नाहीत तरी सांगतो: चांगल्या रिफाइंड दाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. तेव्हा लाकडी घाण्याचं शुद्ध तेल तुमच्या लेकीसाठी नाही.

आणि शिबिरांत "शंभर पदार्थांची अ‍ॅलर्जी टेस्ट" म्हणून रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या विकतात त्या करू नका. त्यांच्या भरवशावर पोरांचं दूध, गहू, अंडी सगळं तोडून वजन घटवलेले पालक माझ्याकडे येतात. आयजीई, म्हणजे खऱ्या अॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आली तरी नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, खाल्ल्यावर काय झालं ते महत्त्वाचं.

पाचट_नको
विषय थोडा वेगळा, पण शाळेचाच आहे म्हणून. मुलाला दमा आहे, वाळव्याकडे राहतो. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री फडातलं पाचट पेटवतात, सकाळी शाळेच्या पटांगणावर काळी राख. त्यात मैदानाच्या कडेला कमरेएवढं काँग्रेस गवत. शाळेत पंप देऊ देत नाहीत, "सवय लागते" म्हणतात.

कडू_औषध
पंपाची सवय लागत नाही, हे मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या सहीने लिहून द्या. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची नळकांडी, तीही बरोबर द्या. गवत फुलायच्या आत पालकसभेत विषय काढून मुळासकट उपटून घ्या, हातमोजे घालून, आणि अ‍ॅलर्जीच्या मुलांकडून श्रमदानात अजिबात नको. दाण्याची अ‍ॅलर्जी *आणि* दमा असं दोन्ही असेल तर जास्त सावध. कूटबंदी, तुमच्या लेकीला दमा आहे का?

कूटबंदी
नाही, दमा नाही. पाकिटावरच्या खाऊचं काय करायचं?

निशिगंधा_सातारा
"कंटेन्स" लिहिलेली ओळ शोध. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट (खाऊ टिकवायला घालतात ते गंधकाचं संयुग) हे वेगळं नमूद करावं लागतं. तीळ त्या यादीत नाही, लक्षात ठेव. अमेरिकेत २०२३ पासून तीळही घातलाय. सल्फाइटवरून आठवलं, पाचट_नको, पिवळेधमक बेदाणे करताना गंधकाची धुरी देतात, दम्याच्या मुलांना कधीकधी त्याने त्रास होतो. तासगावकर चिडतील, पण आहे ते आहे. आणि सुटा खाऊ, भेळ, हातगाडीवरचं काही असेल तर ओळ कुठली वाचणार? ते नाहीच.

घाटावरचा_पाहुणा
माहिती नव्हती एवढी. सल्ला मागे. पण सहलीचं कुणी बोललं नाही. सज्जनगडला, अजिंक्यताऱ्याला पोरं नेतात, आणि गडांवर आग्यामोहोळं असतात. मधमाशीचीही अ‍ॅलर्जी असते ना?

गुरुजी_जावळी
असते. अत्तर-सेंट लावून येऊ नका, पोळ्याला दगड मारू नका, धूर करू नका, हे आम्ही निघताना सांगतो. पण औषधाची पिशवी सहलीला न्यायची, हे यादीत नव्हतं. आता घातलं. कूटबंदी, शाळेचं पुढे काय झालं?

कूटबंदी
परत गेले होते, या वेळी नवरा आणि कागद दोन्ही बरोबर. बंदीचा विषयच काढला नाही, त्यामुळे बाईंचा अर्धा ताण तिथेच उतरला. डॉक्टरांचं पत्र, आमचं संमतीपत्र, फोटो लावलेला एक कागद, आणि पारदर्शक डबीत सगळं साहित्य. वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर शिकायला तयार झाले. मुदत संपलेल्या अँप्युल आणि एका संत्र्यावर त्यांनी सराव केला, सरांनी पहिल्यांदा एवढ्या जोरात टोचलं की रस टेबलभर. डबी ऑफिसात माठाशेजारच्या उघड्या फळीवर राहणार. माळ्यावर नाही, कपाटात नाही. मावशींना मी वेगळं भेटले, कारण मधल्या सुट्टीत वर्गात त्याच असतात, बाई नाहीत. रिक्षाकाकांना गोळ्या देऊ नका म्हटल्यावर ते जरा दुखावले. आता ते तिला गोळीऐवजी हॉर्न वाजवू देतात.

मुख्याध्यापिका बाईंचं अजून "आम्ही टोचायचं ते अगदी शेवटचा उपाय म्हणून" असंच चाललंय. डॉक्टर, यावर काय बोलू?

कडू_औषध
त्यांना सांगा, शेवटचा नाही, पहिला. उगाच दिलं गेलं तर मूल थोडा वेळ थरथरेल, छातीत धडधडेल, घाबरेल. उशीर झाला तर काय होतं ते तुम्ही मिरजेला बघितलंय. हवं तर माझ्या शब्दांत कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: "शंका आली तर द्या, मग फोन करा."

उपवासवाली
कूटबंदी, कागदाचा मजकूर इथे टाकशील का? आमच्या शाळेत पालक-शिक्षक संघात मी आहे, पुढच्या बैठकीत ठेवते. आणि सोमवारची खिचडी मी बटाटा आणि ओलं खोबरं घालून करून बघितली. नवऱ्याला कळलंसुद्धा नाही.

कूटबंदी
टाकते. नाव, फोटो आणि फोन नंबर आपापले घाला, आणि डोस मात्र आपल्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या, माझा उतरवू नका.

"हिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. घरच्या डब्याशिवाय काही देऊ नये. शंका आली तर द्या, मग फोन करा. खाल्ल्यावर श्वासाला त्रास, आवाज बसणे, जीभ सुजणे, सारख्या उलट्या, गळून जाणे, यातलं एकही दिसलं तर: १) निजवा, श्वासाला त्रास असेल तर टेकून बसवा, चालवू नका. २) डबीतलं इंजेक्शन उजव्या किंवा डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, रेघेपर्यंतचं. ३) १०८. ४) आई, बाबा, मामा, या क्रमाने फोन. ५) किती वाजता दिलं ते हातावर पेनाने लिहा. ६) गोळी-सिरप देत थांबू नका."

गुरुजी_जावळी
पाचवा मुद्दा चांगला सुचला. आमच्याकडे रेंज नसते त्यामुळे चौथ्यात "उपकेंद्रात मुलगा पळवा" असं घालतो आणि उद्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवतो. ताईंना वाचता येत नाही, तेव्हा शेजारी अंड्याचं चित्र काढून त्यावर फुली मारावी लागेल.